धंद्याची बातमी विकत घ्यायची नसते

मुंबईत लहानसा धंदा करणाऱ्याला हल्ली एक फोन हमखास येतो. पलीकडची व्यक्ती मोठ्या अदबीनं सांगते, की यंदाच्या उद्योजकता पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. निवड कोणी केली, कशावरून केली, हे विचारायच्या आत पुढचा तपशील येतो. नोंदणी शुल्क, ट्रॉफीचा खर्च, दोन माणसांचं जेवण, मालिकेतल्या एखाद्या कलाकाराच्या हस्ते सत्कार, आणि वर बऱ्याच न्यूज पोर्टलवर बातमी. रक्कम साधारण गाळ्याच्या महिन्याच्या भाड्याएवढी असते. अंधेरीच्या एखाद्या हॉटेलात कार्यक्रम होतो, एका संध्याकाळी रांगेनं ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी ज्या पोर्टलांवर ती बातमी येते, त्यांची नावं त्या धंदेवाल्यानंही आधी ऐकलेली नसतात. फोटो स्टेटसला लागतो, नातेवाईक अभिनंदन करतात, आणि गल्ल्यात एक रुपयाची भर पडत नाही.

मी मराठी दैनिकाच्या डेस्कवर उमेदीची वर्षं काढली. आता परळ-लालबागच्या बाजूला ओळखीच्या दुकानदारांना, घरून पदार्थ करून विकणाऱ्या बायकांना प्रेसनोट लिहायला मदत करतो. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसतात, आणि माझं मत ठाम आहे. लहान व्यावसायिकानं प्रसिद्धी विकत घेऊ नये. आपल्या कामात बातमी कुठे आहे हे त्यानं स्वतः ओळखावं, ती स्वतः लिहावी, वार्ताहराला स्वतः फोन करावा. शहरातल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी, बातमी म्हणून खरी ठरत असेल तर, एक पैसा न मागता छापावी. हा नुसता कुणाचा धंदा वाढवायचा प्रश्न असता, तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. या शहरात कोण काय बनवतं, कोण काय दुरुस्त करतं, कशाचे भाव का चढले, कुठली कारागिरी बंद पडली, हे वाचकाला कळायचं की नाही, असा हा प्रश्न आहे. ते कळण्याची वाट पैशानं अडवली गेली, तर शहराला स्वतःचीच खबर राहत नाही.

आपल्या माणसांना स्वतःच्या कामाबद्दल चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो. आपणच आपली टिमकी वाजवणं वाईट, हे संस्कार लहानपणापासूनचे. माल चोख असला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं, असं म्हणणारे कितीतरी कारागीर मी पाहिले. दुसऱ्या बाजूला, बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे ऐकवणारे मार्केटिंगवाले आहेत. मला या दोन्ही समजुती घातक वाटतात. दोघांनीही प्रसिद्धी म्हणजे स्तुती असं धरून टाकलं आहे. त्यामुळे पहिला गप्प बसतो आणि दुसरा पैसे मोजून दुसऱ्याच्या तोंडून स्तुती करवून घेतो. स्तुतीशिवाय प्रसिद्धी होऊ शकते, हे दोघांच्याही मनात येत नाही.

ती कशी होते, याचा धडा मराठी उद्योगानं शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला तेव्हा शेतकरी तो विकत घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, तरी शेतकऱ्याची खात्री पटवायचं काम सुरूच होतं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला निघालेलं हे पत्र हळूहळू मराठी घरांत वाचलं जाणारं मासिक झालं. त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. ज्याला नांगर खपवायचा होता, त्यानं वाचकाच्या हातात वाचण्याजोगं काहीतरी ठेवलं. आमचा नांगर श्रेष्ठ, असं पानभर छापून ही वाट तयार झाली नसती.

मुंबईतच बघायचं तर डबेवाल्यांकडे बघावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे काम शंभरएक वर्षं शहरापुरतंच माहीत होतं. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटायला आले, २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी इंग्लंडला गेले, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं त्यांच्या कामावर अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांना बघायची होती ती डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेली खूण. डबा कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठे उतरायचा, कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर जायचा, हे सगळं थोड्या अक्षरांत, आकड्यांत आणि रंगात बसवलेलं. डबेवाले विचारणाऱ्याला ती खूण उलगडून दाखवत, आणि ऐकणारा ती पुढे दहा जणांना सांगे. जगभर जाणारी बातमी अशी कामातूनच निघते.

आता वर्तमानपत्राच्या कचेरीत काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला त्याची कल्पना नसते आणि प्रसिद्धीची कामं घेणारे एजन्सीवाले ती देत नाहीत. दुपारी तीनच्या पुढे डेस्कवर प्रेसनोटांचा ढीग साचलेला असतो. पूर्वी कागदाचा, आता ईमेल आणि व्हॉट्सअॅपचा. उपसंपादकापुढे पान असतं, पानावर जाहिराती आधीच बसलेल्या असतात, आणि उरलेल्या जागेत काय घालायचं हे त्याला तासा-दोन तासांत ठरवायचं असतं. त्याला कुणाचंही वाईट करायचं नसतं. ज्या नोटेला कमी हात लावावा लागेल ती तो आधी घेतो. एवढं साधं गणित आहे ते. त्यातच कुणी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट पाठवलेली असते. ती उघडली की पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. कुणी छापील लेटरहेडवरच्या नोटेचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतो. तो सगळा मजकूर पुन्हा टाइप करायला त्या वेळी कुणालाही सवड नसते. फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, म्हणजे दाबून लहान झालेला, आणि त्यात फीत कापताना एका रांगेत उभी असलेली दहा माणसं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येईल असा, टाइप केलेला दोनशे शब्दांचा मजकूर थेट ईमेलमध्ये आणि एक चांगला मूळ आकाराचा फोटो सोबत जोडलेला, एवढं केलं तरी ती नोट ढिगातून वर येते. हे शिकायला एजन्सी लागत नाही, शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर तीही करून देईल.

खरी अडचण मजकुराची असते. लालबागच्या मसाला गल्लीजवळ कांडप चालवणाऱ्या एका काकांनी मला त्यांची नोट दाखवली. कुणाकडून तरी पैसे देऊन लिहून घेतली होती. ती साधारण अशी होती: 'परिसरातील सुप्रसिद्ध, दर्जेदार व विश्वासार्ह मसाल्यांचे नामांकित दालन आता नूतन वास्तूत ग्राहकांच्या सेवेत रुजू झाले असून उद्घाटन सोहळा मान्यवरांच्या उपस्थितीत अत्यंत उत्साहात संपन्न झाला.' उपसंपादकाच्या नजरेनं वाचलं तर यातली विशेषणं काढल्यावर एकच गोष्ट उरते. दुकान दोन गाळे पुढे सरकलं. ती बातमी होत नाही, आणि कुठलाही चांगला उपसंपादक ती घेणार नाही.

मी काकांना विचारलं, "गल्ल्यावर बायका तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात?"

ते म्हणाले, "विचारतात ना, काका, टीव्हीवर तर मिरची पडली म्हणतात, मग मसाला का स्वस्त होत नाही?"

आणि मग ते अर्धा तास बोलत राहिले. बेडगी रंगाला, संकेश्वरी नि लवंगी तिखटपणाला. घाऊक बाजारात पडलेला भाव ओल्या, डागी मालाचा असतो, निवडक मिरचीचा नसतो. शीतगृहातला माल मागच्या वर्षीचा असतो. देठ काढायची मजुरी, गाडीभाडं, कांडपाची वीज यांतलं काहीच उतरलेलं नसतं. मिरची नीट वाळली की हातात हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळतात आणि देठाशी मोडली की कट्कन आवाज येतो. ओल राहिली की मसाल्याला पावसात बुरशी धरते, म्हणून तर वर्षाचा मसाला मे महिन्यात उरकायचा. ११ मार्च २०२४ ला कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजार समितीत भाव कोसळल्यावर संतापलेल्या शेतकऱ्यांनी गाड्या पेटवल्या होत्या. ती बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांतही आली. पण त्या जाळपोळीचा आणि लालबागच्या गल्ल्यावरच्या भावाचा काय संबंध, हे सांगू शकणारा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यालाही आपण सांगावं असं सुचलं नव्हतं. त्याला आपलं उद्घाटन छापून आणायचं होतं.

त्याच दिवशी बसून आम्ही नवी नोट लिहिली. वर्षाच्या मसाल्याची लगबग सुरू झाली आहे. घाऊक भाव उतरला तरी घरगुती मसाल्याचा खर्च तेवढा का उतरत नाही, मिरची घेताना ओल कशी ओळखायची, किती ऊन द्यायचं, हे इतकी वर्षं कांडप चालवणारा माणूस सांगायला तयार आहे. खाली नाव, दुकानाचा पत्ता, मोबाइल नंबर. आणि शेवटची ओळ: सकाळी आठ ते अकरा यंत्र चालू असतं, त्या वेळी छायाचित्र घेता येईल. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. छायाचित्रकाराला लाल मिरचीचा ढीग, वर उडणारी भुकटी, तोंडाला फडकं बांधलेला माणूस मिळाला की पानाला चित्र मिळतं, आणि चित्र असलेली बातमी पुरवणीत सहसा मागे पडत नाही. नोटेत दुकानाची स्तुती एका शब्दानंही नव्हती. वार्ताहर आली, तिनं काकांना तासभर बोलतं केलं, आणि त्यांच्या नावासकट मजकूर छापून आला. पुढे दुसऱ्या एका वार्ताहराला कोथिंबिरीच्या भावाबद्दल काही हवं होतं, तेव्हाही त्यांनाच फोन आला. कोथिंबीर ते विकत नाहीत, पण कुणाला विचारावं ते त्यांनी सांगितलं. मला यात सगळ्यात मोठा फायदा हा दिसतो. एकदा माणूस वार्ताहराच्या फोनमध्ये जाणकार म्हणून साठवला गेला, की त्याला बातमीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

असं प्रत्येक धंद्यात असतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याला जूनमध्ये कळतं की पालक यंदा दोन जोड्या घेतात की एकावर भागवतात. छत्री दुरुस्त करणाऱ्याला कळतं की लोक दुरुस्त करतात की फेकून देतात. मूर्तिकाराला शाडूची माती किती आधी सांगून ठेवावी लागते, हे इतर कुणापेक्षा जास्त माहीत असतं, आणि गणपतीच्या पुरवणीचे विषय सणाच्या बरेच आधी ठरतात, त्यामुळे त्यानं चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात फोन करून काही उपयोग नाही. वेळेचंही असंच. संध्याकाळी सहानंतर डेस्कवर फोन करू नये, पान लावायची घाई असते. मुंबईच्या मुख्य आवृत्तीत जागा मिळणं अवघड, पण ठाणे, वसई, नवी मुंबई यांची वेगळी पानं असतात आणि तिथल्या वार्ताहराला स्थानिक विषय सतत हवे असतात. त्याच्या बातम्या आधी आठवडाभर वाचाव्यात आणि मग त्याला फोन करावा. त्यानं नाही म्हटलं, तर नेमकं काय असतं तर चाललं असतं, एवढं विचारून फोन ठेवावा. पत्रकार परिषद घेण्याच्या भानगडीत पडू नये. दुकानाच्या वर्धापनदिनासाठी आझाद मैदानाजवळ हॉल घेऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अवमान मला अजून बोचतो. त्यांना तिथे नेऊन बसवणाऱ्यानं त्याचे पैसे घेतलेले असतात.

वर्तमानपत्राबाहेरच्या गोष्टींवर जास्त लिहीत नाही. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते. तिथे वेळ, फोन आणि खरे फोटो टाकावेत, आणि एखाद्यानं वाईट शेरा लिहिला तर त्याला नम्रपणे उत्तर द्यावं. नातेवाइकांकडून पाच-पाच तारे टाकून घेऊ नयेत. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही आणलं आहे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून आधी गिऱ्हाइकाला नंबर साठवायला सांगावा, आणि रोज सुप्रभात पाठवून त्याला वैताग आणू नये. चौकात फ्लेक्स लावणं तर सोडूनच द्यावं. विनापरवाना फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयानं वारंवार सुनावलं आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून तरी आपल्या डोक्यावर कुणाचं नाव किती मोठं लटकतं याचा विचार या शहरानं करायला हवा.

खरेपणाबद्दल मात्र थांबून बोलावं लागेल, कारण आपण स्वतः लिहायला लागलो की जबाबदारीही आपली होते. घरून लाडू, काढे, तेलं करणाऱ्या बऱ्याच बायका नोटेत लिहितात, की यानं मधुमेह जातो, गुडघे बरे होतात, केस परत येतात. त्यांचा विश्वास असतो, लबाडी नसते. पण १९५४ पासून औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर कायद्यानं बंदी आहे, आणि कायद्याच्या यादीतल्या आजारांवर असा दावा करणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं नेमलेलं केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. इन्स्टाग्रामवर पदार्थ चाखून दाखवणाऱ्या तरुणांनी पैसे किंवा फुकट माल घेतला असेल, तर ते स्पष्ट सांगायला हवं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये बजावलं आहे. लहान धंदेवाल्यानं हे नियम अडचण समजू नयेत. नाचणीच्या लाडवात नाचणी किती, गूळ किती, किती दिवस टिकतो, परवाना क्रमांक काय, एवढं खरं लिहिलेला मजकूर वार्ताहर निर्धास्तपणे घेतो. औषधी गुणांचा दावा दिसला की तो हात आखडता घेतो, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप खरे आहेत आणि ते मी रोज ऐकतो. पहिला, वेळ कुठे आहे? पहाटे पाचला उठून पोळ्या लाटणारी बाई, दहाला डबे पोचवून आलेली, तिनं प्रेसनोट कधी लिहायची? मान्य. पण पुरस्काराच्या पॅकेजसाठी द्यायचे पैसे मिळवायला तिला किती दिवस पोळ्या लाटाव्या लागतात, तेही मोजायला हवं. वर्षाला दोन चांगल्या नोटा पुरतात, त्यांना मिळून एक दुपार लागते. दुसरा आक्षेप, एजन्सीचं काम हे कौशल्य आहे, ते कमी लेखू नका. मी लेखत नाही. औषध कंपनीला, बँकेला, रुग्णालयाला संकटकाळी काय बोलावं हे सांगणारी माणसं लागतात आणि ती चांगलं काम करतात. पण चार कामगारांच्या कारखान्याची गोष्ट मालकापेक्षा चांगली दुसरा कोण सांगणार? वार्ताहराला मालकाशीच बोलायचं असतं. मध्ये एजन्सीचा मुलगा आला की तोही नाराज होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. फोन केला, तर सरळ सांगतात, आधी जाहिरात द्या, मग बातमी बघू. हे घडतं. मला अशा तक्रारी इतक्यांनी सांगितल्या आहेत, की मी त्या खोट्या मानू शकत नाही. याचं मूळ पैशात आहे हेही मला ठाऊक आहे. अंकाच्या किमतीतून कागद आणि छपाईचा खर्चही धड निघत नाही, सगळा डोलारा जाहिरातींवर उभा आहे, आणि जाहिराती मोबाइलकडे वळल्या आहेत. स्थानिक प्रतिनिधीला पगाराऐवजी जाहिरातीवरचं कमिशन देऊन काम करवून घ्यायची पद्धत गावोगाव आहे. तो माणूस तरी काय करणार? पण म्हणून ही पद्धत बरोबर ठरत नाही. जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगळी ओळखू आली पाहिजे, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं उघड झालं, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला, देशभर चर्चा झाली. उमेदवाराकडून पैसे घेणं लोकशाहीला मारक, हे सगळ्यांनी मान्य केलं. मग चपलेच्या दुकानदाराकडून घेऊन ते बातमीच्या वेषात छापलं, तर वाचकाची फसवणूक होत नाही का? उमेदवार निदान निवडून तरी येतो. दुकानदाराच्या हाती काहीच लागत नाही, कारण वाचक आता विकतची बातमी पहिल्या ओळीत ओळखतो आणि पान उलटतो. त्या पानावरची खरी बातमीही मग त्याच नजरेनं वाचली जाते.

या साऱ्यात कोण मागे राहतं ते बघा. बिल्डर, मॉल, मोठ्या शाळा यांच्याकडे माणसं आहेत. त्यांच्या नोटा नीट येतात, त्यांचे फोटो चांगले असतात, त्यांच्या उद्घाटनांना वार्ताहरांना नेण्या-आणण्याची सोय असते. बचत गटातल्या बाईकडे, धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्याकडे, काळाचौकीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे यांतलं काही नसतं. रोज पान उघडणाऱ्याला असं वाटायला लागतं, की मुंबईत फक्त टॉवर बांधले जातात आणि विकले जातात. गिरणगावातल्या चाळी पडून टॉवर उभे राहिले, तेव्हा तळमजल्यावरची कितीतरी छोटी दुकानं नकाशावरून पुसली गेली. त्यातल्या फार थोड्यांची बातमी झाली. कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

म्हणून मराठी दैनिकांच्या संपादकांकडे माझं स्पष्ट मागणं आहे. आठवड्यातून एक ठरलेली जागा लहान व्यवसायांसाठी ठेवा, अर्धं पानही पुरे. त्यावर ईमेलचा पत्ता छापा आणि त्याखाली एक ओळ छापा, की या मजकुरासाठी कुणालाही पैसे देऊ नयेत, कुणी मागितले तर आम्हाला कळवा. त्या जागेचा निर्णय डेस्क घेईल, जाहिरात विभाग नाही, असं कचेरीत लेखी ठरवा. जो मजकूर पैसे घेऊन छापला आहे, त्याच्या डोक्यावर जाहिरात हा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात घाला. यानं उत्पन्न बुडणार नाही. उलट आज पॅकेजवाल्यांच्या खिशात जाणारा पैसा उद्या उघड, छोट्या जाहिरातीच्या रूपानं तुमच्याकडेच येईल, कारण वाचकाचा विश्वास असलेल्या पानावर जाहिरात द्यायला दुकानदार एका पायावर तयार असतो.

आणि व्यापारी संघटनांनाही सांगायचं आहे. वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र चेंबरपासून प्रत्येक बाजारपेठेतल्या दुकानदार संघापर्यंत सगळे सत्कार समारंभ करतात, स्मरणिका काढतात. त्यातल्या एका समारंभाचा खर्च बाजूला काढून प्रेसनोट लिहिण्याचा वर्ग घ्यावा. शिकवायला निवृत्त उपसंपादक बोलवावेत, ते आनंदानं येतील, मीही येईन. वर्गात भाषण नको. प्रत्येकानं आपल्या कामातली एक गोष्ट तिथेच दोनशे शब्दांत लिहावी, शेजाऱ्यानं ती मोठ्यानं वाचावी, आणि कुठलं विशेषण गाळलं तरी चालतं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं. टायपिंग मोबाइलवरच शिकवावं, कारण संगणक बहुतेकांकडे नसतो. वर्ग दुपारी एक ते तीन ठेवावा. त्या वेळी दुकानात गर्दी नसते, आणि घरून धंदा करणाऱ्या बायकांना मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं.